पाळक राखायचा उपाय

सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात लीलाबाई शिरसाट नावाच्या नर्सबाई होत्या. गावातल्या निम्म्याअधिक पोरांना जन्मल्याजन्मल्या पहिली चापट त्यांनीच मारलेली, आणि पुढेही प्रसंग आला तर मारायची त्यांची तयारी असे. मूळच्या नगरकडच्या. नवरा क्षयाने लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पोर्तुगीज गेल्यावर या मुलखात कामाला माणूस मिळेना, तेव्हा एक ट्रंक आणि एक बायबल घेऊन त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. तोंड इतकं फटकळ की मामलतदारसुद्धा त्यांच्याकडून सुई टोचून घेण्याआधी दोन्ही हात जोडायचा.

बाई मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती होत्या. टोकरखाडा वस्तीच्या कडेला त्यांचं कौलारू प्रार्थनाघर होतं आणि त्याला लागून पाळकाच्या, म्हणजे उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूच्या, दोन खोल्या. मंडळी म्हणाल तर कचेरीतले दोन-चार कारकून, आमलीच्या शाळेतल्या कुसुमबाई आणि काही रोजंदारीवरची घरं. मेथडिस्टांत पाळक नेमतो बिशप, आणि तोही दर वर्षी नव्याने. सगळ्या भागातले पाळक वार्षिक परिषदेला जमतात, भजनं होतात, ठराव होतात आणि शेवटच्या दिवशी बिशप उभा राहून नेमणुका वाचतो. कोण कुठे जाणार हे तोवर कुणालाच माहीत नसतं, म्हणजे नसायला हवं. खरं तर बिशपाच्या कानाशी बसायचे ते जिल्ह्याजिल्ह्याचे सुपरिंटेंडेंट. कुणाला शहरातलं चर्च द्यायचं आणि कुणाला रानात धाडायचं हे तेच सुचवायचे, आणि सुचवताना पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचे. लीलाबाई म्हणायच्या, "त्या बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही, म्हणून सगळं त्याच्या अंगावर ढकलतात."

सिल्वासा ज्यात मोडत होतं त्या जिल्ह्याचे सुपरिंटेंडेंट होते रेव्हरंड अनंतराव पाडळे. गोरा, पोट सुटलेला माणूस, केसांना वासाचं तेल, बोलणं मऊ. सगळ्यांना 'भाऊ' म्हणायचे आणि वागायचे भाऊबंदांसारखे. पाळकांमध्ये सिल्वासा म्हणजे काळं पाणी समजलं जाई. ज्याचं तोंड बंद करायचं असेल त्याला अनंतराव इकडे पाठवत, आणि नाव निघालं की त्या पाळकाची बायको पदराने डोळे पुसत भांडी बांधायला घेई.

या अनंतरावांची एक खोड होती, आणि ती मंडळीला पाठ झाली होती. आधी एक पाळक आले होते, गाणारे. त्यांच्या पेटीमुळे हिंदूंची पोरंसुद्धा प्रार्थनाघराच्या खिडकीशी जमायची. मंडळीने हरखून जाऊन सुपरिंटेंडेंटसाहेबांना गळ घातली की हे पाळक आमच्याकडे राहू द्या. त्याच परिषदेत त्यांची बदली झाली. "पाळक निवडायला हे काय पंचायतीचं इलेक्शन आहे?" अनंतराव म्हणाले. त्यांच्या जागी जे आले त्यांनी प्रार्थनाघरात कोंबड्या पाळल्या. उपदेशाच्या मेजाखाली कोंबडी अंड्यावर बसलेली, आणि वर हे नरकाचं वर्णन करतायत. उपासना सुरू व्हायच्या आधी लीलाबाई पुठ्ठ्याने बाकांवरची घाण खरवडायच्या. मंडळीने त्यांच्याविरुद्ध दर बैठकीला तक्रार केली. गृहस्थ हलला नाही. मंडळीच्या बोलण्यावर पाळक हलवला तर आपला वचक तो काय राहिला, असं अनंतरावांचं गणित. शेवटी त्या पाळकांनाच कंटाळा आला आणि ते सासुरवाडीच्या गावी निघून गेले.

मग आले विश्वनाथ खरात. खानदेशातला तरणा पोरगा, लग्न व्हायचं होतं, हाडकुळा, शर्टाची बाही कायम वर सारलेली. लीलाबाईंनी त्यांना पहिल्या दिवशी आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय हो केलंत म्हणून तुम्हाला इथे टाकलं?"

"मीच मागून घेतलं," विश्वनाथ म्हणाले.

बाईंना वाटलं, पोरगा एक तर खोटारडा आहे नाहीतर येडा. तो दोन्ही नव्हता. महिन्याभरात तो सायकल हाणत सुरंगीला जायला लागला. सुरंगी आत, रानाच्या अंगाला. तिथले वारली लोक दवाखान्याला भ्यायचे. बाई अडली तरी घरातच ठेवायचे, आणि लीलाबाईंना निरोप यायचा तो बहुतेक वेळा सगळं संपल्यावर. लीलाबाई बैलगाडीतून जायच्या, शिव्या घालायच्या, लोक मुकाट ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. विश्वनाथने शिव्या घातल्या नाहीत. तो त्यांच्या ओसरीवर बसला. त्यांची बोली शिकला, चुकीची बोलला, बाया हसल्या, तो परत बोलला. संध्याकाळी पुरुष ताडी घेऊन बसायचे तेव्हाही हा उठून जायचा नाही. स्वतः थेंब घ्यायचा नाही, पण बसायचा. मेथडिस्टांत दारूला शिवणंसुद्धा पाप, तरी हा म्हणायचा, "बाई, मी उठून गेलो तर त्यांना बोलायला फक्त ताडीच उरते."

एका दुपारी सुरंगीहून चार माणसं बाज खांद्यावर घेऊन दवाखान्यात आली. बाजेवर अडलेली पोर, आणि बाजेचा पुढचा पाय धरलेला माणूस म्हणजे घामाने निथळणारा पाळक. पोर वाचली, तिचं मूलही वाचलं. त्यानंतर सुरंगीच्या बाया यायला लागल्या. आधी त्याच्याबरोबर, मग त्याच्या शब्दावर. लीलाबाईंनी इतकी वर्षं जे घसा फोडून मिळवलं नव्हतं ते या पोराने ओसरीवर बसून मिळवलं. त्या दिवसापासून त्याला हा गाव सोडू द्यायचा नाही हे बाईंनी मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या कशाची त्यांना पर्वा नव्हती.

पावसाळा सरता सरता बातमी आली. आणली सदाशिव भालेरावांनी. हे मामलतदार कचेरीत कारकून आणि मंडळीचे कारभारी. वलसाडकडे बरीच वर्षं काढल्यामुळे बोलण्यात गुजराती मिसळलेली. "बाई, आपले पाळक जाणार, बराबर खबर छे," ते म्हणाले. "साहेबांच्या माणसानेच सांगितलं. पोरगा चांगला चाललाय ना? बस. मग त्याला इथे कोण ठेवतो?"

लीलाबाईंचं डोकं फिरलं. दवाखान्यात त्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या फोडल्या. कंपाउंडर गजाननराव, राजापूरकडचे, सगळ्या गोष्टीतलं मर्म आपल्यालाच कळतं असं मानणारे, ते म्हणाले, "बाई, तुमच्या देवाच्या बदल्यांत आणि आमच्या सरकारी बदल्यांत फरक तो काय? आमच्याकडे एखादा माणूस राखायचा असेल तर त्याची स्तुती नाही करायची. त्याच्यावर तक्रार करायची. साहेब चवताळतो. म्हणतो, मला शिकवता काय? नाही हलवत जा! माणूस जागच्या जागी."

"खोटी तक्रार?"

"अहो, बारीकशी. कुणाचं काही बिघडत नाही. मी स्वतः अशाच एका तक्रारीवर इथे चार वर्षं बसलोय. मीच करवून घेतलेली."

बाईंना कोंबड्यावाले पाळक आठवले. त्यांना गाणारे पाळकही आठवले. आणि अनंतरावांचं सगळं गणित त्यांना एकदम सोपं वाटायला लागलं. शहाण्या माणसाला शहाणपणाचा माज चढला की तो जसा घसरतो तसा कुणी घसरत नाही.

सदाशिवांच्या ओट्यावर तिघं जमली. सदाशिव, कुसुमबाई आणि लीलाबाई. सदाशिवांनी मांडीवर थाप मारली. "वाह! साहेबाच्या काठीनेच साहेबाला."

कुसुमबाई भित्र्या. "पाळकसाहेबांना आधी सांगू या का?" त्या म्हणाल्या.

"त्याला सांगितलं तर तो करू देईल होय?" लीलाबाई म्हणाल्या. "तो खोटं बोलायचा नाही नि बोलूही द्यायचा नाही. आणि मग बसू हात चोळत."

कोण बोलणार याचा विचार करावाच लागला नाही. दोघांनी लीलाबाईंकडे पाहिलं. फटकळ तोंडाचा मान तेवढा असतोच.

वार्षिक परिषदेच्या आधीची तिमाही बैठक होती. ती घ्यायला अनंतराव मिशनच्या जीपमधून आले. त्यांच्यासाठी कोंबडी होती, भात होता, वर केळ्याची शिकरण. ते जेवत असताना वाढणाऱ्या कुसुमबाईंना त्यांनी विचारलं, "बहीण, मांडीचा तुकडा संपला का?" मांडीचा तुकडा दोनदा घेऊन झाला होता. सुरंगीहून आलेली माणसं बाहेर चिंचेखाली बसून होती, त्यांना आत बोलवा असं साहेबांना सुचलं नाही आणि कुणी सुचवलंही नाही. लीलाबाईंना तेव्हाच घास कडू लागला. पण आपण या माणसाला चांगलंच बनवणार आहोत या खुशीत त्यांनी तो गिळला.

जेवणानंतर बैठक. तिथे सुपरिंटेंडेंट नेमाचे प्रश्न विचारतात आणि मंडळीने उत्तरं द्यायची. आजारी कोण, नवे सभासद किती, शाळा कशी चाललीय. अनंतराव अर्धवट मिटल्या डोळ्यांनी विचारत होते, मधूनच ढेकर दाबत होते. मग नेहमीचा प्रश्न आला, "काही तक्रार आहे का?" विश्वनाथ आल्यापासून याला उत्तर ठरलेलं, 'काही नाही.' ते इतकं ठरलेलं की सदाशिवांनी सवयीने म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"आहे," लीलाबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

अनंतरावांचे डोळे उघडले. रिवाजाप्रमाणे ते विश्वनाथांना म्हणाले, "भाऊ, जरा बाहेर जाता?" विश्वनाथ गेले. जाताना त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं, त्यांना वाटलं असावं की बाई छपराच्या गळतीबद्दल बोलणार.

लीलाबाईंनी ठरलेलं सांगितलं. पाळक रविवारी उशिरा येतात, सिल्वासाच्या घरांना भेटी देत नाहीत, सगळा वेळ सुरंगीत घालवतात.

"एवढंच?" अनंतराव म्हणाले. त्यांनी जांभई दिली. एवढ्या बारीकशा तक्रारीने हा माणूस चवताळणार नाही, तक्रार कचऱ्यात टाकील आणि पोराला हलवून मोकळा होईल. चटका बसायला हवा तर विस्तव जरा मोठा हवा, असं बाईंना वाटलं.

"तिथे पुरुष ताडी पीत बसतात," बाई म्हणाल्या. "तिथे पाळकही असतात."

आता अनंतराव सावरून बसले. "पीत असतात तिथे बसतात?"

"हो."

"म्हणजे तेही घेतात?"

सदाशिव छताकडे बघत होते, कुसुमबाई नखं बघत होत्या. लीलाबाईंना उत्तर माहीत होतं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर तक्रारीतली हवा निघून गेली असती, आणि बाईंना हवा हवी होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. हात पुढे घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"समजलं, बहीण," अनंतराव अगदी मायेने म्हणाले. "बसा."

त्यांच्या आवाजातली माया ऐकून बाईंना जरा चमत्कारिक वाटलं. पण जीप गेल्यावर सदाशिवांनी त्यांना टाळी दिली, गजाननराव म्हणाले, "बघा, आता जन्मभर हलत नाही," आणि बाईही हसल्या. त्या आठवड्यात विश्वनाथ त्यांच्याकडे चहाला आला. "बाई, काय तक्रार केलीत? साहेब मला काही बोलले नाहीत," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "छपराची." त्याने आणखी एक कप चहा मागितला.

वार्षिक परिषदेला प्रत्येक मंडळीचा एक प्रतिनिधी जायचा. सिल्वासातर्फे लीलाबाई गेल्या, मुद्दाम रजा काढून. मनातून त्यांना आपल्या उपायाचं फळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना तिथे वेगळाच बाजार दिसला. पुढच्या वर्षी नवा बिशप निवडायचा होता, त्याची बोली तिथे सुरू झाली होती. अनंतरावांना बिशप व्हायचं होतं. मंडपाच्या प्रत्येक कोपऱ्यात ते कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभे. ज्याच्या हातात मत त्याच्या बायकोची तब्येतसुद्धा त्यांना पाठ. प्रार्थनेत डोळे मिटायचे तेव्हाही यांचा एक डोळा उघडा, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते बघायला. बाईंनी आयुष्यभर पू काढला, जखमा धुतल्या, कधी नाक मुरडलं नाही. इथे मात्र त्यांना पदर नाकाला लावावासा वाटला.

ओसरीवर एक निवृत्त पाळक ऊन खात बसले होते. त्यांच्याशी बोलता बोलता बाईंनी कोंबड्यावाल्या पाळकांची गोष्ट सांगितली, आणि मग ऐटीत म्हणाल्या की आम्ही आमच्या पाळकावर तक्रार केली, म्हणजे तो आता हलत नाही.

म्हाताऱ्याने विचारलं, "पाळक कोण तुमचे?"

"विश्वनाथ खरात."

"तो तर चाचणीवरचा ना?"

बाईंना चाचणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने समजावलं, शांतपणे, जसं पोराला समजावतात. नवा पाळक आधी परीक्षेवर असतो. मग परिषद त्याला कायमचा करते आणि दीक्षा देते. दीक्षा झालेल्याला काढायचं तर चौकशी, साक्षी, समिती, शंभर भानगडी, म्हणून तक्रार आली तरी कुणी त्या वाटेला जात नाही. तुमचे कोंबड्यावाले टिकले ते त्यामुळे. पण चाचणीवरच्या माणसाला परिषदेने नुसतं 'पुढे नको' म्हटलं की संपलं. त्याला कारणही विचारायचा हक्क नाही. "आणि यंदा दीक्षेच्या जागा कमी आहेत, बाई," म्हातारा म्हणाला. "एका मोठ्या प्रतिनिधीचा जावई तुमच्या पोराच्या मागे रांगेत आहे. त्या प्रतिनिधीच्या मागे बरीच मतं आहेत. अनंतराव एक जागा रिकामी कशी होईल ते बघतच होते."

बाई उठल्या त्या तडक सभागृहाकडे. दार बंद होतं. पाळकांची वागणूक तपासायची बैठक आत चालली होती, आणि त्या बैठकीला फक्त पाळक बसतात. एकेकाचं नाव पुकारायचं, त्याच्या सुपरिंटेंडेंटने उठून 'यांच्याविरुद्ध काही नाही' म्हणायचं, आणि पुढचं नाव. दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला आत जाता येत नाही." बाईंनी दार ठोठावलं. त्याने त्यांचा हात धरून बाजूला केलं. आतून अनंतरावांचा मऊ आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने दार उघडलं आणि विश्वनाथ एकटा बाहेर आला. त्याने आजूबाजूला कुणाकडे पाहिलं नाही.

जेवणाच्या पंगतीत बाईंनी अनंतरावांना गाठलं. सगळ्यांसमोर. "साहेब, मी खोटं बोलले. पाळक ताडीला शिवत नाहीत. आम्ही त्यांना राखायला म्हणून बनाव केला."

अनंतरावांनी हाताने वाढप्याला थांबवलं. "बहीण, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"म्हणजे देवाच्या घरात, माझ्यासमोर, उभं राहून खोटं बोललात. आणि आता म्हणता माझ्यावर विश्वास ठेवा." त्यांनी मान हलवली, दुःखाने. "मी तुमच्यावर रागावत नाही. मंडळीला पाळकाचा लळा असतो, मन द्रवतं, मग सांगितलेलं मागे घ्यावंसं वाटतं. मी समजू शकतो." आणि वाढप्याला म्हणाले, "रस्सा, भाऊ."

बाईंना त्यांच्या ताटात थुंकावंसं वाटलं. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्या पुढे म्हणत. त्या बिशपांकडे गेल्या. बिशप थकलेले होते, त्यांच्याभोवती माणसांचा गराडा होता. ते म्हणाले, "तुमच्या सुपरिंटेंडेंटमार्फत या," आणि दुसऱ्याकडे वळले. शेवटच्या दिवशी बिशपांनी नेमणुका वाचल्या. जावई दीक्षा घेऊन शहरातल्या चर्चला गेला. विश्वनाथ खरात हे नाव कुठेच आलं नाही. सिल्वासाचं नाव आलं तेव्हा बिशपांनी वाचलं, "जागा भरायची आहे." अनंतराव पुढे झुकून त्यांच्या कानात काही बोलले, आणि बिशपांनी जोडलं, "तोपर्यंत मंडळीच्या लीलाबाई शिरसाट उपासना चालवतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणा बाईला एवढा मान त्या भागात तोवर मिळाला नव्हता.

विश्वनाथ मागच्या अंगणात वळकटी बांधत होता. बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. कोंबड्यावाले, गजाननराव, सदाशिवांचा ओटा, आणि 'तेही घेतात?' याच्यावर आपण गप्प राहिलो ते. काही लपवलं नाही. रडल्याही नाहीत, कारण रडायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना कळत होतं.

त्याने दोरीची गाठ मारली. "मला विचारायचं तरी, बाई."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो," तो म्हणाला. "नाही म्हणालो असतो. आणि बदली झाली असती तर दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षांनी मागून परत आलो असतो. मागितलं की सिल्वासा मिळतं, ते कुणाला हवं असतं?" मग म्हणाला, "सुरंगीच्या त्या बाजेवरून आणलेल्या पोरीची थोरली बहीण आहे ना, तिचे दिवस भरत आलेत. तिला बोलावून घ्या. ओरडू नका तिच्यावर." तो खानदेशात भावाच्या घरी निघून गेला. सिल्वासाला आलाच नाही. त्याचं सामान सदाशिवांनी पार्सल केलं.

लीलाबाई सुरंगीला गेल्या. ओरडल्या नाहीत. लोकांनी त्यांना पाणी दिलं, पाळकबाबा कुठे म्हणून विचारलं, आणि बाईंनी सांगितल्यावर उठून आपापल्या कामाला लागले. त्या थोरल्या बहिणीला घरच्यांनी पाठवलं नाही. बाईंना निरोप आला तो पूर्वीसारखा, सगळं संपल्यावर.

त्यानंतरच्या रविवारी बाई उपदेशाच्या मेजापाशी उभ्या राहिल्या. प्रार्थनाघर भरलं होतं, सगळे नीटनेटके, केस विंचरलेले. बाईंनी भजन सांगितलं नाही, वचन काढलं नाही. म्हणाल्या, "मी पाळकांवर खोटा आळ घेतला. ताडीची गोष्ट खोटी आहे. ते कधी थेंब प्यायले नाहीत. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत व्हावं म्हणून सांगते."

मग मागून एक बाई शेजारणीला म्हणाली, "काहीतरी असल्याशिवाय का परिषद काढते?" दुसरी म्हणाली, "सायकल घेऊन रोज रोज रानात, मला तेव्हाच वाटलं होतं."

"अहो, मी सांगतेय ना!" लीलाबाई ओरडल्या. "मीच रचलं! सदाशिवभाऊ, तुमच्या ओट्यावर ठरलं. सांगा यांना!"

सदाशिव उठले. घसा साफ केला. "ठरलं होतं, बाई. उशिरा येतात, भेटी देत नाहीत, एवढं ठरलं होतं. ताडीचं आपलं काही ठरलं नव्हतं. ते तुम्हाला तिथल्या तिथे सुचलं." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मी विचार केला पुष्कळ. पाहिलं नसेल तर माणसाला असं सुचत नाही. तुमचं मन मोठं, म्हणून आता झाकताय."

बाईंनी कुसुमबाईंकडे पाहिलं. कुसुमबाईंनी डोळे पुसले आणि मान खाली घातली. त्या डोळे पुसण्यात बाईंना दया दिसली, पण ती स्वतः बाईंसाठी होती, विश्वनाथसाठी नव्हती. माणसांनी आपण मिळून बनवलेलं खोटं इतक्या थोड्या दिवसांत खरं मानावं, ते मानून वर स्वच्छ कपड्यांत देवासमोर बसावं, याची लीलाबाईंना शिसारी आली. आणि आपल्याहून यातल्या कुणाचाही अपराध मोठा नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. म्हणून त्यांना शिव्यासुद्धा देता आल्या नाहीत.

"जे झालं ते झालं," सदाशिव म्हणाले. "वाट चुकलेल्या आपल्या विश्वनाथभावासाठी प्रार्थना करू. बाई, तुम्हीच चालवा."

सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. लीलाबाई मेजाला धरून उभ्या होत्या, डोळे उघडे. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मंडळी थांबली, बराच वेळ थांबली. बाईंची प्रार्थना मनातल्या मनात चालली असेल असं त्यांना वाटलं असावं. शेवटी सदाशिवांनी आपणच "आमेन" म्हटलं, आणि मागोमाग सगळं प्रार्थनाघर एका आवाजात "आमेन" म्हणालं.